साकुराचा व्हिसा

ज्यांचा एखादा तरी मित्र व्हर्जिनिया किंवा मेरीलँडला ऑनसाइट जाऊन आलाय, त्यांना हा फोटो नक्की माहीत असणार. मार्चअखेर नाहीतर एप्रिलच्या सुरुवातीला टाकलेला. फुलांनी लगडलेली फांदी, मागे पाणी, पाण्यापलीकडे जेफरसन मेमोरियलचा पांढरा घुमट आणि पुढे जॅकेटच्या खिशात हात घालून उभा असलेला आपला मित्र. खाली 'चेरी ब्लॉसम!!!'. उद्गारचिन्हं किमान तीन.

हा वॉशिंग्टनचा नॅशनल चेरी ब्लॉसम फेस्टिव्हल. वेस्ट पोटोमॅक पार्क या सार्वजनिक बागेत, टायडल बेसिन नावाच्या तळ्याभोवती चेरीची झाडं फुलतात आणि त्या निमित्ताने शहरभर जपानी संस्कृतीचा उत्सव चालतो. ताइको ढोल, किमोनो, चहाचे विधी, पतंग, मिरवणूक, सगळं असतं. आणि फेस्टिव्हलबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य हमखास भेटतं: १९१२ साली टोकियो शहराने वॉशिंग्टनला मैत्रीची खूण म्हणून ३,०२० झाडं भेट दिली. वाक्य खरं आहे. पण एखाद्या रिलीज नोटसारखं खरं. काय डिलिव्हर झालं ते कळतं, मधे काय काय झालं ते कळत नाही. मधलं मी वाचत गेलो, तेव्हा फुलांपेक्षा माणसांची गोष्टच जास्त डोक्यात राहिली.

सुरुवात एका बाईपासून. एलायझा सिडमोर. ही लेखिका, प्रवासी, नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या संचालक मंडळावर बसलेली पहिली स्त्री. १८८५ साली ती जपानहून परतली ती साकुराच्या प्रेमात पडूनच. त्या काळात वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीकाठी चिखल उपसून नवी जमीन तयार केली जात होती. तिथे जपानी चेरी लावा, असं तिने संबंधित अधिकाऱ्याला सुचवलं. त्याने दाद दिली नाही. अधिकारी बदलला, तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा बदलला, पुन्हा सांगितलं. असं चोवीस वर्षं! (आपण तीन फॉलो-अप मेलनंतर थकतो.) दरम्यान डेव्हिड फेअरचाइल्ड या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये स्वतःच्या खर्चाने जपानमधून शंभर झाडं मागवून आपल्या जागेत लावली आणि ती या हवेत जगतात हे दाखवून दिलं. थोडक्यात, प्रूफ ऑफ कन्सेप्ट. १९०९ च्या एप्रिलमध्ये सिडमोरने नव्या फर्स्ट लेडी हेलन टाफ्ट यांना चिठ्ठी लिहिली आणि दोन दिवसांत होकार आला.

आता खरा माणूस येतो. डॉ. जोकिची ताकामिने. बायोकेमिस्ट्रीवाल्यांना नाव ठाऊक असेल. ॲड्रेनॅलिन शुद्ध रूपात वेगळं काढून १९०१ मध्ये जगासमोर मांडणारा माणूस. त्याआधी पचनासाठीचं 'टाका-डायस्टेज' हे औषध काढून त्याने अमेरिकेत भरपूर पैसा केला होता. बायको अमेरिकन, न्यू ऑर्लिन्सची. राहणं न्यूयॉर्कमध्ये. हेलन टाफ्ट चेरी लावणार आहेत हे त्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये असलेल्या ताकामिनेला कळलं आणि त्याने विचारलं, मी दोन हजार झाडं दिली तर चालतील का? सोबत असलेल्या जपानी कॉन्सुलने सुचवलं की भेट टोकियो शहराच्या नावाने द्यावी. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी तयार झाले. म्हणजे नाव टोकियोचं, पैसे ताकामिनेचे.

झाडं ६ जानेवारी १९१० ला वॉशिंग्टनला पोहोचली आणि थेट तपासणीत अडकली. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी, फांद्यांवर खवले कीड, आणखी बरंच काही. कृषी खात्याच्या कीटकशास्त्र विभागातले चार्ल्स मार्लॅट बाहेरून येणाऱ्या रोपांवर कडक बंधनं हवीत असं आधीपासूनच म्हणत होते, त्यांच्या हातात आयता पुरावा आला. २८ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी परवानगी दिली आणि मैत्रीच्या दोन हजार झाडांची होळी झाली. परराष्ट्र खात्याची किती तारांबळ उडाली असेल, कल्पना करा.

मार्लॅट चूक होते असं मला वाटत नाही. बाहेरून आलेल्या किडीने फळबागांचं काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. आणि जपान्यांनीही यावर रुसवा धरला नाही, सरळ रीडिझाइन केलं! टोकियोजवळ अराकावा नदीच्या काठी चेरीच्या जातींचा एक नावाजलेला संग्रह होता. तिथून काड्या घेतल्या, इतामीहून आणलेल्या खुंटांवर कलमं बांधली आणि ती काळजीपूर्वक वाढवली. यावेळी ३,०२० झाडं, बारा जाती. त्यातली १,८०० एकट्या सोमेई-योशिनो जातीची. ही जात कलमांनीच वाढते, म्हणून सगळी झाडं एकमेकांच्या हुबेहूब प्रती असतात आणि सगळी एकदमच फुलतात. खर्च पुन्हा ताकामिनेचा. १९१२ च्या फेब्रुवारीत 'आवा मारू' जहाज योकोहामाहून निघालं. तपासणीत झाडं पास झाली आणि २७ मार्चला हेलन टाफ्ट आणि जपानी राजदूताच्या पत्नी व्हायकाउंटेस चिंदा यांनी पहिली दोन झाडं लावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत प्लांट क्वारंटाइन ॲक्ट पास झाला.

झाडांसाठी पद्धत सरळ होती. तपासणी करा. कीड असेल तर जाळा, नसेल तर स्वागत करा.

माणसांसाठी तपासणीचा प्रश्नच नव्हता. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या 'ओरिएंटल' शाळेत जायला सांगितलं. त्यावरून दोन देशांत इतकं ताणलं गेलं की १९०७-०८ मध्ये समझोता करावा लागला: मुलांना नेहमीच्या शाळेत राहू देऊ, पण जपानने मजूर पाठवणं थांबवायचं. चेरीच्या भेटीची बोलणी सुरू झाली ती याच्या पाठोपाठ. गोड फुलांच्या मागे ही कडू पार्श्वभूमी होती. झाडं लावल्यावर वर्षभरात, १९१३ मध्ये, कॅलिफोर्नियाने कायदा केला की 'नागरिकत्वास अपात्र' परदेशी माणसाला शेतजमीन विकत घेता येणार नाही. 'जपानी' हा शब्द कायद्यात नव्हता. त्याची गरजही नव्हती, कंडिशनच अशी लिहिली होती की बरोब्बर त्यांनाच लागावी. कारण नागरिकत्व मिळायचं ते फक्त 'गोऱ्या' किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसांना.

म्हणजे ज्याच्या पैशाने अमेरिकेच्या राजधानीत पाच हजारांवर झाडं आली (दोन हजार जळालेली धरून), तो ताकामिने अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नव्हता. शोध चालत होते, पेटंट चालत होती, देणगी चालत होती. जुलै १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या परिसरातच तो वारला, जपानी नागरिक म्हणूनच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा या माणसाचा अर्ज फेटाळला. वीस वर्षं अमेरिकेत राहिलेला, तिथेच शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा हा माणूस; पण कोर्टाच्या मते 'गोरा' म्हणजे कॉकेशियन, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही.

इथे आपलाही धागा लागतो. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच कोर्टापुढे भगतसिंग थिंद उभा राहिला. त्या काळच्या वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय तर कॉकेशियन, मग आता? कोर्टाने सांगितलं की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. तीन महिन्यांत व्याख्या बदलली, आउटपुट तेच! थिंदचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकारने पंडितांचं स्वतःचं नागरिकत्वही काढून घ्यायचा खटाटोप केला. तो खटला मात्र ते लढले आणि जिंकले. आज ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत असेल? मलाही साकुराच्या नादानेच सापडलं.

१९२४ च्या कायद्याने जपानमधून येऊन स्थायिक होणं जवळजवळ बंदच झालं. आणि १९२७ साली शाळकरी मुलांनी तळ्याकाठी त्या १९१२ च्या वृक्षारोपणाचा प्रवेश पुन्हा करून दाखवला. १९३५ मध्ये पहिला अधिकृत महोत्सव झाला. मैत्रीचा सोहळा आणि बंद दरवाजा, दोन्ही एकाच शहरातून, दहा-अकरा वर्षांच्या अंतराने. सोहळ्यातल्या लोकांना यात काही खटकलं असेल का?

झाडांवर शहराचा जीव मात्र खरंच जडला होता. १९३८ मध्ये जेफरसन मेमोरियलसाठी काही झाडं काढायची ठरली तेव्हा बायकांनी मोर्चा काढला, काहींनी स्वतःला साखळीने झाडांजवळ बांधून घेतलं. मेमोरियल झालंच, ते सोडा. पण तीन वर्षांनी पर्ल हार्बर झालं आणि ११ डिसेंबर १९४१ ला टायडल बेसिनवरची चार झाडं कुणीतरी रातोरात तोडली. कोणी, ते कधीच सिद्ध झालं नाही. मग महोत्सव बंद पडला आणि झाडांना 'जपानी' ऐवजी 'ओरिएंटल' चेरी म्हणायची पद्धत पडली. झाडांचं नाव बदलून भागलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना १९४२ मध्ये घरदार सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्यांच्यासाठी क्वेकर मंडळींसारखे थोडे अपवाद सोडले तर फारसं कुणी उभं राहिलं नाही, साखळी बांधून घेणं तर लांबच.

तिकडे जपानमध्ये ओझाकी, झाडं पाठवणारे महापौर, लष्करशाहीविरुद्ध बोलत राहिले आणि १९४२ मध्ये सम्राटाच्या अवमानाच्या आरोपाखाली कोर्टात उभे राहिले. सुटले. १९५० मध्ये, नव्वदी ओलांडलेली असताना, अमेरिकेला जाऊन आले.

१५ जुलै १९४६ ला व्हाइट हाउसजवळच्या मैदानात भर पावसात राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ४४२ व्या रेजिमेंटला मानवंदना दिली. ही पलटण जपानी अमेरिकनांची. त्यांतल्या कित्येकांचे आईवडील छावणीत असताना ही पोरं युरोपात लढली होती. महोत्सव पुन्हा सुरू झाला तो पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये. जपानी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायची मुभा मिळायला १९५२ उजाडलं. (भारतीयांना १९४६ मध्येच मिळाली होती, वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह.)

१९५२ मध्येच आणखी एक गोष्ट झाली. वॉशिंग्टनच्या झाडांचं मूळ असलेला अराकावा काठचा संग्रह युद्धकाळातल्या हेळसांडीने खंगला होता. जपानने मदत मागितली आणि वॉशिंग्टनच्या झाडांच्या काड्या तिकडे गेल्या. ऑफसाइट बॅकअप म्हणतात तो हाच :) चाळीस वर्षांपूर्वीच्या भेटीतून मूळ डेटा रिस्टोअर झाला.

पुढे नात्यात गोडवा येत गेला. १९५४ मध्ये जपानने सतराव्या शतकातला एक दगडी दिवा तळ्याकाठी बसवायला दिला. महोत्सवात तो लावायचा मान असतो. तो दिला होता पेरीच्या १८५४ च्या तहाच्या शताब्दीनिमित्त. पेरी तो तह करायला युद्धनौका घेऊन गेला होता, हे दिवा लावताना बहुधा कुणी काढत नाही. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने छावण्यांबद्दल कायद्याने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. २००० साली कॅपिटलजवळ जपानी अमेरिकनांचं स्मारक झालं. काटेरी तारेत अडकलेले दोन ब्राँझचे क्रौंच पक्षी, दहा छावण्यांची नावं आणि भोवती चेरीची झाडं. टायडल बेसिनच्या मानाने तिथे गर्दी फार कमी. मित्र तिकडे असेल तर त्याला सांगा, चालत जाता येतं.

सिडमोर १९२८ मध्ये जिनिव्हात वारली. तिच्या अस्थी योकोहामाच्या परदेशी दफनभूमीत आहेत आणि कबरीपाशी वॉशिंग्टनच्या चेरीच्या कलमांची झाडं लावली आहेत. ताकामिनेची कबर न्यूयॉर्कमध्ये, ब्राँक्सच्या वुडलॉन दफनभूमीत.