मनोरुग्णांची समाजाधारित निवासी देखभाल

स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारातून सावरलेल्यांना रुग्णालयाबाहेर, वस्तीतल्या छोट्या घरात मदतनिसांसह राहता यावे, अशी व्यवस्था. महाराष्ट्रातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. उदाहरणार्थ, सोलापूरला त्यांपैकी जवळचे येरवडा, तेही सुमारे २५० किमी. दूर. सोलापुरात उपचारांचा शासकीय आधार म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. आजार भडकला, जिवाला धोका असला, तर रुग्णालयाला पर्याय नाही. प्रश्न पुढचा आहे. आजार आटोक्यात आल्यावरही घरचे न्यायला येत नाहीत, पत्ता बदललेला असतो, आणि खाट हेच घर होऊन बसते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ नुसार केवळ कुटुंब नाही, ते स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही म्हणून कोणालाही मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवता येत नाही. निवासी घरात रहिवासी भाजी आणतात, कुकर लावतात, गोळ्या वेळेवर घेतात. क्लोझापीन हे औषध सुरू असल्यास रक्ततपासणी नियमित करावी लागते. तेवढ्यापुरते रुग्णालय हवेच. अशी घरे स्वस्तात उरकण्याचा मोह मात्र घातक : देखरेखीविना ती छोटी मनोरुग्णालयेच होतात. घरी परत पोचवण्याचा मार्गही आहे : कर्जतजवळचे ‘श्रद्धा’ केंद्र रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून घरी पोचवते. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.