‘बॉम्बे व्हेल्वेट’ : भरावावरचे शहर आणि पार्श्वभूमीतले वादक

अनुराग कश्यप दिग्दर्शित ‘बॉम्बे व्हेल्वेट’ हा हिंदी गुन्हेपट १५ मे २०१५ रोजी प्रदर्शित झाला. १९४९ मध्ये सुरू होऊन साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत येणारे त्याचे कथानक मुंबईतील एका जॅझ क्लबभोवती फिरते आणि त्या क्लबचेच नाव चित्रपटाला दिलेले आहे. इतिहासकार ज्ञान प्रकाश यांचा ‘मुंबई फेबल्स’ हा २०१० मध्ये प्रकाशित झालेला ग्रंथ या चित्रपटाचा आधार होय. पटकथालेखनात कश्यप, वासन बाला व एस. थनिकाचलम यांच्यासह ज्ञान प्रकाश यांचाही सहभाग होता. एखादा व्यासंगी इतिहासकार गल्लाभरू म्हणून आखलेल्या चित्रपटाची पटकथा लिहायला बसतो, असे आपल्याकडे क्वचितच घडते.

फाळणीनंतर मुंबईत येऊन पडलेला बलराज (रणबीर कपूर) आणि त्याचा जिवलग चिमन (सत्यदीप मिश्रा) भुरट्या चोऱ्या करत वाढतात. पिंजऱ्यातल्या मुष्टियुद्धात मार खाऊन बलराज चार पैसे मिळवतो. चित्रपटगृहात जेम्स कॅग्नीचा १९३९ चा ‘द रोअरिंग ट्वेंटीज’ पाहताना आपणही ‘बडी असामी’ व्हायचे, ही जिद्द त्याच्या मनात रुजते. वृत्तपत्राचा मालक व उद्योगपती कैझाद खंबाटा (करण जोहर) त्याला हेरतो, ‘जॉनी’ हे नाव देतो आणि क्लबच्या गादीवर बसवतो. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून पळून आलेली गायिका रोझी नोरोन्हा (अनुष्का शर्मा) या क्लबमध्ये येते ती मात्र खंबाटाच्या प्रतिस्पर्ध्याची, डाव्या विचारांच्या संपादक जिमी मिस्त्रीची (मनीष चौधरी) हेर म्हणून. सत्तास्थानी असलेल्यांच्या आक्षेपार्ह छायाचित्रांच्या निगेटिव्ह कोणाच्या हाती आहेत, यावर पुढचा सारा खेळ ठरतो. तपास अधिकारी विश्वास कुलकर्णी यांच्या भूमिकेत के. के. मेनन आहेत.

हा खेळ आहे जमिनीचा. मुंबईचे दक्षिण टोक पाहिलेले नसेल, तर चित्रपटातील हा धागा हातून निसटू शकतो. सात बेटांचे हे शहर समुद्रात भराव टाकून वाढले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या दशकात, बॅकबेची मोठी भरणी योजना हाती घेण्यात आली. खर्चाच्या आणि कारभाराच्या गोंधळात ती अडकली तेव्हा वकील खुर्शेद नरिमन यांनी तिच्यावर प्रखर हल्ला चढवला. अब्रुनुकसानीच्या खटल्याला ते सामोरे गेले आणि निर्दोष सुटले. स्वातंत्र्यानंतर पुन्हा भराव पडला, त्यावर कार्यालयांचे उंच मनोरे उभे राहिले आणि त्या जागेला नाव मिळाले नरिमन पॉइंट! भरणीतील गैरकारभार चव्हाट्यावर आणणाऱ्याचे नाव भरणीलाच मिळावे, हा योग कोणत्याही पटकथाकाराला सुचला नसता. साठच्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी शहराची वाढ खाडीपलीकडे न्यावी, असा आराखडा मांडला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, परंतु दक्षिणेकडील भरावाची ओढ काही थांबली नाही. चित्रपटातला महापौर रोमी मेहता (सिद्धार्थ बसू), खंबाटा आणि जॉनी हे त्रिकूट याच ओढीतून जन्मले आहे. क्लब हे त्यांचे भेटण्याचे ठिकाण. संगीत त्या सौद्यावरचे पांघरूण.

हे पांघरूण विणणारे हात कोणाचे होते? १९३५ मध्ये अमेरिकी व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्या मागोमाग आलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे कोलकात्यात रमले आणि १९४५ मध्ये तेथेच वारले. या मंडळींचे वादन ऐकून ते आत्मसात करणाऱ्यांत गोमंतकीय ख्रिस्ती वादक आघाडीवर होते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन लहानपणीच शिकवले जात असल्याने कागदावरची सुरावट वाचून वाजवणे त्यांना अवघड नव्हते. हळदोणे गावचे अँटोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने ख्यातकीर्त झाले. त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई.

१९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. हॉटेलांची रात्र मंदावली आणि अनेक वादकांना हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात अधिक भरवशाची मिळकत दिसू लागली. संगीतकाराने चाल गुणगुणावी, गोमंतकीय संयोजकाने ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून द्यावा, अशी घडी बसली. लाहोरच्या हॉटेलात ताफा चालवलेले सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्याकडे हेच काम वर्षानुवर्षे करत होते. श्रेयनामावलीत यांची नावे अभावानेच असत. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना साहाय्यक म्हणून सोबत घेतले आणि भगवान पालव यांच्या १९५१ मधील ‘अलबेला’त हा ट्रम्पेटवादक आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसला.

‘बॉम्बे व्हेल्वेट’मध्ये मात्र वादक दिसतात ते रोझीच्या मागे, धुरकट उजेडात. त्यांतला एकही जण पात्र म्हणून उभा राहत नाही. क्लबचा मालक कोण, त्याचा वापर कोण करतो आणि त्याची बातमी कोण छापतो, याचा चित्रपटाला अचूक अंदाज आहे. तेथे रात्रभर कोण वाजवतो, याविषयी त्याला कुतूहल नाही. माझ्या मते त्याची खरी उणीव हीच. रोझीचे दुःख आपल्याला सांगितले जाते, पण तिच्या गळ्यामागची तालीम, मेहनताना, साथीदार यांपैकी काहीच कळत नाही.

अमेरिकेतील एका चित्रपटाची गोष्ट येथे बोलकी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील क्लबवर फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी १९८४ मध्ये ‘द कॉटन क्लब’ काढला. या क्लबमध्ये कलावंत कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक गोरे, असा रिवाज होता. संकलनात कृष्णवर्णीय कलावंतांचाच कथाभाग छाटला गेला. खर्च हाताबाहेर गेला आणि चित्रपट कोसळला. कोपोला यांनी अनेक वर्षांनंतर पदरमोड करून ते प्रसंग पुन्हा जोडले आणि नवी आवृत्ती २०१७ मध्ये दाखवली. कश्यप यांच्या चित्रपटाला असा दुसरा जन्म लाभलेला नाही. श्रीलंकेत उभारलेली जुनी मुंबई, राजीव रवी यांचे छायाचित्रण, मार्टिन स्कोर्सेसी यांच्या संकलक थेल्मा स्कूनमेकर यांचा प्रेरणा सैगल यांच्यासह सहभाग, असे सारे असूनही प्रेक्षकांनी पहिल्या आठवड्यातच पाठ फिरवली आणि कश्यप यांच्या मनातील मुंबईविषयक चित्रत्रयी पहिल्या पायरीवरच थांबली. टिकले ते अमित त्रिवेदी यांचे संगीत आणि नीती मोहन यांचा गळा.

त्याच सुमारास कोकणीत बारड्रॉय बारेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ आला. ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या आयुष्यावर बेतलेल्या या चित्रपटात पेरी यांचीच गाणी वापरली आहेत आणि त्याला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईच्या क्लबांत गाजलेल्या लोर्ना यांनी दोन दशके गाणे सोडले होते. १९९५ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. या चित्रपटात ताफा पार्श्वभूमीला नाही. तालमीच्या खोलीपासून मंचापर्यंत कॅमेरा त्याच्याच सोबत चालतो.