पोपचा 'बुल'

'बुल' हे पोपच्या दप्तरातून निघणारे सर्वांत औपचारिक आज्ञापत्र होय. लॅटिन 'बुल्ला' म्हणजे पत्राला दोरीने लटकवलेली शिशाची मोहोर; पुढे मोहोरेचेच नाव पत्राला पडले, त्यामुळे इंग्रजीतल्या बैलाशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. मोहोरेच्या एका बाजूस संत पीटर व संत पॉल यांचे चेहरे आणि दुसऱ्या बाजूस पोपचे नाव असे. दोरी मात्र अनुग्रहाच्या पत्राला लाल-पिवळ्या रेशमाची आणि हुकुमाच्या पत्राला साध्या वाखाची लावीत, म्हणजे जाणत्याला पत्राचा रोख मजकुराआधीच कळे. बुल त्याच्या आरंभीच्या शब्दांनी ओळखला जातो, उदाहरणार्थ तिसऱ्या पॉलचा ३ नोव्हेंबर १५३४ चा 'एक्वुम रेपुतामुस', ज्याने केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत पसरलेल्या गोव्याच्या धर्मप्रांताची स्थापना पक्की केली. याहून कमी औपचारिक पत्र ते 'ब्रीफ'. त्यावर शिशाऐवजी पोपच्या 'कोळ्याच्या अंगठी'चा ठसा उमटवीत. सोळाव्या ग्रेगरीने १८३८ साली 'मुल्ता प्रेक्लारे' या पत्राने भारतातील पोर्तुगीज राजाच्या धर्मविषयक हक्कांना, म्हणजे 'पाद्रोआदो'ला, कात्री लावली, ते ब्रीफच होते, आणि गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी ते जुमानले नाही. मराठीत या दोहोंना 'फतवा' म्हणण्याचा मोह होतो, पण फतवा हे मुळात धर्मशास्त्रज्ञाचे मत असल्याने येथे 'आज्ञापत्र' हाच शब्द योजला आहे. तेराव्या लिओने १८७८ मध्ये बहुतेक बुलांवरील शिसे काढून त्याजागी लाल शाईचा शिक्का आणला.