सकता : आवाज थांबतो तेव्हा

आपल्याकडे खेड्यात अजूनही म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' शहरात 'पॅरालिसिसचा अटॅक आला' म्हणतात, वर्तमानपत्रात 'पक्षाघात' छापून येतो आणि मोहल्ल्यात 'लकवा मार गया' असं ऐकू येतं. लकवा हा शब्द अरबी आहे. जुन्या हकिमांच्या ग्रंथांत तोंड वाकडं होणं म्हणजे 'लकवा', अर्धं अंग लुळं पडणं म्हणजे 'फालिज', आणि माणूस एकाएकी कोसळून निपचित पडणं म्हणजे 'सकता'. फालिजच्या मुळाशी दुभंगण्याचा अर्थ आहे. सकताच्या मुळाशी गप्प होण्याचा.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या मागे जायची सवय आहे. 'सकते में आ जाना' हा उर्दू वाक्प्रचार मुलांना सहज कळतो. पण या शब्दाचा आणखी एक अर्थ कुरआन शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तिलावत करताना काही ठिकाणी आवाज क्षणभर थांबवायचा, पण नवा श्वास घ्यायचा नाही. त्याच श्वासावर पुढे वाचायचं. या थांब्यालाही 'सकता' म्हणतात. आपल्याकडे ज्या पद्धतीने कुरआन वाचला जातो, त्यात असे चार सकते आहेत. त्यातला एक सूरह यासीनमध्ये आहे, बावन्नाव्या आयतीत. मेलेली माणसं उठवली जातात आणि विचारतात की आम्हाला झोपेतून कोणी उठवलं, तिथे. आजाऱ्याच्या उशाशी आपण यासीन वाचतो. वाचणारा तिथे थांबतो, श्वास तोडत नाही, आणि पुढे जातो.

आई किंवा वडील आयसीयूत बेशुद्ध पडलेले असताना बाहेरच्या बाकावर बसलेल्या घरच्यांची अवस्था याहून वेगळी नसते. मरण आलेलं नाही, जगण्याची खात्री नाही. या मधल्या जागेत उमेद किती धरावी आणि कशी धरावी, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता. त्यांनी त्याची जी उत्तरं दिली, ती आज आठवण्यासारखी आहेत.

पहिली गोष्ट बगदादची, खलिफा हारून अल-रशीदच्या काळातली. हारूनने 786 ते 809 या काळात राज्य केलं. त्याच्या दरबारात जिब्रील इब्न बुख्तीशू हा नामांकित ख्रिस्ती वैद्य होता. त्याच वेळी बर्मकी वजिरांच्या आश्रयाने हिंदुस्थानातले वैद्यही बगदादला पोहोचले होते. सुश्रुताचा ग्रंथ अरबीत नेला गेला तो याच काळात. त्या वैद्यांपैकी एकाचं नाव अरबी ग्रंथांत सालिह इब्न बहला असं येतं. ही हकीकत तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिआने वैद्यांच्या चरित्रग्रंथात नोंदवली आहे.

एक दिवस जिब्रील दस्तरखानावर उशिरा आला. खलिफाचा चुलतभाऊ इब्राहीम इब्न सालिह आजारी होता, त्याच्याकडून तो आला होता. त्याने सांगितलं, इब्राहीम आज इशाच्या नमाजपर्यंत जगणार नाही. हारून रडू लागला. जाफर बर्मकीने सुचवलं की हिंदी वैद्यालाही पाहू द्यावं. सालिहने नाडी पाहिली आणि शपथेवर सांगितलं की हा या आजारात जाणार नाही. गेला तर माझ्या बायकांना तलाक, माझे गुलाम मुक्त आणि माझी सारी मालमत्ता दान. रात्री निरोप आला की इब्राहीम गेला. हारूनने हिंदी वैद्याला आणि त्याच्या विद्येला शिव्या घातल्या.

मयतीच्या घरी मात्र सालिह ठाम राहिला : आपल्या भावाला जिवंत पुरू नका. त्याने कफन घातलेल्या इब्राहीमच्या अंगठ्याच्या नखाखाली सुई टोचली. हात मागे ओढला गेला. मग त्याने कफन उतरवायला आणि अंगाला लावलेली सुगंधी द्रव्यं धुवायला लावली. शुद्धीवर येताना त्याने स्वतःला कफनात पाहिलं तर भीतीनेच मरेल, असं त्याचं म्हणणं. नंतर नाकात औषधी पूड फुंकली. इब्राहीम शिंकला आणि उठून बसला. पुढे तो मिसरचा सुभेदार झाला.

या हकिकतीत कथाकाराचा रंग नक्कीच मिसळलेला आहे. पण ती शतकानुशतकं सांगितली गेली ती फक्त चमत्कार म्हणून नव्हे. सालिहने कोणताही मंत्र म्हटला नाही. त्याने पुन्हा तपासलं. सुई टोचून प्रतिसाद पाहणं ही तपासणी आहे, आणि बेशुद्ध रुग्णाला वेदना देऊन प्रतिसाद पाहण्याची पद्धत आजही आयसीयूत आहे. आणि कफन उतरवण्याचा आग्रह हा तर रुग्णाच्या मनाचा विचार आहे. जो माणूस निपचित पडलाय, तो ऐकत असेल, पाहत असेल, असं धरून वागणं.

इब्न सीना (निधन 1037) दरबारी कथाकार नव्हता. त्याच्या 'अल-कानून'मध्ये सकत्याचं गंभीर वर्णन आहे. बळकट सकता बरा होत नाही, सौम्य असेल तरी बरा होणं कठीण, हे ग्रीकांपासून चालत आलेलं मत त्यालाही ठाऊक होतं. खोटी आशा तो देत नाही. तरीही तो बजावतो की अशा माणसाला पुरण्याची घाई करू नये, निदान 72 तास थांबावं. आपल्याकडे दफन लवकर करण्याची शिकवण आहे, हे लक्षात घेतलं तर या वाक्याचं वजन कळतं. जिथे शंका आहे तिथे घाई नाही.

तिसरं उत्तर वैद्यांचं नाही, फकीहांचं आहे, आणि मला ते सर्वांत जास्त भावतं. स्ट्रोकने वाचा गेलेल्या माणसाच्या खुणांना कायद्यात काय किंमत द्यायची? बाराव्या शतकात अल-मरगीनानी यांनी लिहिलेल्या 'हिदाया' या हनफी ग्रंथाच्या अखेरीस हा प्रश्न येतो. जन्मतः मुक्या माणसासमोर वसीयत वाचली आणि त्याने मान डोलावली तर ती ग्राह्य. पण आजारात जीभ अडकलेल्या माणसाने मान डोलावली तर ग्राह्य नाही. कारण मुक्याच्या खुणा ओळखीच्या, ठरलेल्या असतात. याची वाचा तर आत्ताच गेली आहे, ती परत येऊ शकते. हीच अवस्था लांबली आणि त्याच्या खुणा कळू लागल्या, तर मग त्यालाही मुक्याचा नियम.

इमाम शाफईंचं मत वेगळं. खूण समजत असेल तर दोघांचीही मान्य. प्रेषितांच्या नात, हजरत झैनब यांच्या कन्या उमामा यांची वाचा बंद झाली होती, तेव्हा त्यांना विचारून, त्यांच्या मान डोलावण्यावरून वसीयत ठरवली गेली, असा दाखला शाफई ग्रंथ देतात. आपल्या देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले शाफई. म्हणजे ही दोन्ही मतं महाराष्ट्रात शेजारी नांदतात. मला दोन्हींत एकच काळजी दिसते. हनफी म्हणतात, त्याच्या तोंडी आपलं म्हणणं घालू नका, त्याची जीभ परत येण्याची वाट पाहा. शाफई म्हणतात, तो मानेने बोलत असेल तर ते बोलणंच आहे, ऐका.

याच कायद्यात 'मर्ज-उल-मौत', म्हणजे मरणाचं दुखणं, अशी कल्पना आहे. अशा दुखण्यात केलेली हिबा, म्हणजे बक्षीसपत्र, वसीयतीसारखी मोजली जाते. वारसाबाहेरच्या माणसाला एक तृतीयांशापर्यंतच, आणि वारसांपैकी एकालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती हवी. भारतातली न्यायालयंही हा नियम मानत आली आहेत. पण फालिजचा रुग्ण वर्षभर त्याच अवस्थेत टिकला, आजार वाढला नाही, तर त्याचं दुखणं मरणाचं धरत नाहीत. कायद्याच्या नजरेत तो पुन्हा धडधाकट माणसासारखा आपल्या मालमत्तेचा मालक. अंथरुणावर पडलेल्या माणसाला त्याचा अधिकार परत देणारा हा नियम आहे.

हे मी मुद्दाम लांबण लावून लिहितोय. बाप आयसीयूत असताना त्याचा अंगठा कागदावर उठवून घेतलेला मी जवळच्या नात्यात पाहिला आहे. मुलगी आत बापाच्या कानाशी यासीन वाचत होती आणि बाहेर तिचा हिस्सा कापला जात होता. अंगठा घेणाऱ्यांची उमेद संपली होती, म्हणून हे घडलं. त्यांच्या लेखी तो माणूस आधीच गेला होता.

उमेद सोडण्याची ही एक रीत. दुसरी रीत उलटी आहे, ती उमेदीचं सोंग घेते. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की आधी दम केलेलं पाणी, आधी लकव्याचा उतारा देणारा बाबा, नंतर दवाखाना. वाटच्या गावच्या एखाद्या ठिकाणी नेऊन आणण्यात अर्धा दिवस जातो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी स्कॅन हवा, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच औषध घात करतं. मेंदूतला रक्तस्राव हे सकत्याचं एक कारण असतं, हे स्वित्झर्लंडच्या वेप्फरने शवविच्छेदनाच्या आधारे 1658 मध्ये मांडलं. जिवंत माणसाच्या मेंदूत ते पाहता येण्यासाठी 1971 मधला पहिला सीटी स्कॅन यावा लागला. सालिहकडे फक्त सुई होती. आपल्याकडे स्कॅन आहे, आणि आपण वेळ घालवतो.

दुआ आणि दवा यांचं भांडण आपल्या परंपरेत नाहीच. हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून जे द्रव्य 1931 मध्ये वेगळं केलं, त्याला त्यांनी हकीमसाहेबांवरून 'अजमलीन' नाव दिलं. त्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये जगापुढे ठेवला. स्ट्रोकचं सर्वांत मोठं कारण वाढलेला रक्तदाबच. मुळी जुनी, नाव हकिमाचं, काम प्रयोगशाळेचं.

आता जिब्रीलबद्दल. कथेत तो चुकला, म्हणून आपण त्याच्यावर हसतो. पण बहुतेक वेळा जिब्रीलच बरोबर असतो. डॉक्टर म्हणतात की आशा कमी आहे, तेव्हा ते शत्रू नसतात. ते ऐकून घेणं, आणखी एका जाणकाराला विचारणं, आणि दोघांचं एकमत झालं तर ते स्वीकारणं, हेही उमेदीच्याच मर्यादेत बसतं. अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नये, असं आपण मानतो. पण ती रहमत प्रत्येक वेळी रुग्ण उठून बसण्याच्याच रूपात यावी, अशी अट आपण घालू शकत नाही.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. लक्षण दिसताच घड्याळ पाहून थेट स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. बेशुद्ध माणसासमोर त्याच्या मरणाची आणि मालमत्तेची चर्चा करू नका. त्याच्याशी नाव घेऊन बोला. कोणी कोरा किंवा लिहिलेला कागद घेऊन आला तर अंगठा घेऊ देऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि यासीन वाचताना बावन्नाव्या आयतीत 'सकता' लिहिलेला दिसला की नियमाप्रमाणे थांबा, आणि पुढे वाचा.