दीड मिनिटाचे कोडे

मालवणजवळच्या एका शाळेतला लिनक्स सर्व्हर बंद व्हायला दीड मिनिट घेई आणि यूपीएसची जुनी बॅटरी जेमतेम मिनिटभर टिके. २०२१ च्या तौक्ते वादळापासून गुरुजींना मुलांच्या गुणपत्रकांची धास्तीच बसली होती.

१९६९ साली जन्मलेल्या युनिक्सच्या कुळाची रीत सौजन्याची: प्रोग्रामला आधी ‘आवरा’ म्हणायचे, न ऐकल्यास मग मारायचे. २०१० साली आलेल्या सिस्टमडीने त्यासाठी ९० सेकंदांची सवड ठेवली. हेच ते दीड मिनिट!

नोंदी चाळता उमगले, की दुसऱ्या संगणकावरचा सामाईक फोल्डर मिटण्याआधीच नेटवर्क तुटे. होडी परतण्याआधीच बंदरावरचा दिवा विझावा तसे. मी सवड तोडली नाही, क्रम सुधारला. आता सर्व्हर वेळेत निजतो, आणि गुरुजीही.