स्टेपनीची कुळकथा

एस. टी.च्या स्टँडवर, मालमोटारींच्या अड्ड्यावर किंवा तालुक्याच्या गावी पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीवर एक शब्द हमखास कानी पडतो: स्टेपनी. ‘स्टेपनी काढ रे’, ‘स्टेपनीत हवा आहे का बघ आधी.’ शाळेची पायरी फारशी न चढलेला क्लीनरही हा शब्द सहज उच्चारतो. मौज अशी, की आजच्या लंडनमधल्या एखाद्या मोटारवाल्याला ‘तुमची स्टेपनी कुठं आहे?’ असे विचारले, तर तो आपल्या तोंडाकडे बघत राहील. फार तर शहराच्या पूर्व भागात स्टेपनी नावाची वस्ती आहे, तिची वाट सांगेल. पण आपल्या स्टेपनीचा त्या वस्तीशी काही संबंध नाही. तिचे गाव वेगळे आहे. त्या गावापर्यंत आज आपल्याला जायचे आहे, आणि तिथून परत आपल्या घाटरस्त्यांवर यायचे आहे.

पण त्याआधी बैलगाडीकडे बघू. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते. धाव म्हणजे त्या चाकाचा टायरच. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान घडवतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतो, मग ती फुगते. तशीच ती चाकावर चढवून वरून पाणी ओतले, की धाव आकसते आणि तुंबा, आरे, कडे या सगळ्यांना एकत्र आवळून धरते. पदार्थविज्ञानाचा हा धडा शिक्षकांना कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय दाखवता येतो. उन्हाळ्यात लाकूड आटले, की धाव सैल होते. ती पुन्हा बसवून घ्यावी लागते. म्हणजे टायर बदलण्याचे काम मोटारीबरोबर आले असे नाही. फरक एवढाच, की धाव दगडाला लागून फुटत नाही आणि बैलगाडीला जाण्याची घाई नसते.

रबराची कथा १८३९ साली सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. त्यापूर्वीचे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक पडे. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आत रबरी कापडाची नळी, वर चामड्याचे आवरण. त्याने घोडागाडीला हे टायर लावून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये दाखवलेही. लोकांनी कौतुक केले आणि विसरून गेले. मोटार नव्हती, सायकल बाल्यावस्थेत होती. हवेच्या टायरची निकड कुणालाच नव्हती. चाळीसेक वर्षांनी बेलफास्ट शहरातला जॉन बॉइड डनलॉप हा गुरांचा डॉक्टर आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती नव्याने शोधून काढतो, १८८८ साली पेटंट घेतो, आणि पुढे थॉमसनचा जुना कागद सापडल्यामुळे ते पेटंट रद्द होते. नाव मात्र डनलॉपचेच राहिले.

त्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो चाकाला चक्क चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे म्हणजे आधी तो सोलायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चिकटवायचा आणि वाळण्याची वाट बघायची. १८८९ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी असाच एक सायकलवाला मिशलँ बंधूंच्या कारखान्यात दुरुस्तीसाठी आला. कामाला काही तास लागले, वर रात्रभर वाळवणे आलेच. त्यातून धडा घेऊन मिशलँ बंधूंनी १८९१ साली सुटा होणाऱ्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची मोठी सायकल शर्यत झाली, आणि ती जिंकणाऱ्या शार्ल तेराँच्या सायकलीला हेच टायर होते. सुटा टायर हा मोठाच टप्पा होता. धाव लोहाराशिवाय बदलता येत नसे; हा टायर मात्र चालवणाऱ्यालाच बदलता येऊ लागला.

तरी मोटारवाल्याचे हाल संपले नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी रस्ते घोड्यांचे होते, आणि घोड्यांच्या नालांचे खिळे रस्ताभर पडलेले असत. मोटारीचे चाक गाडीला कायमचे जखडलेले. पंक्चर झाले, की भर रस्त्यात, पावसात असो की चिखलात, टायर रिमवरून उचकटायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचे, परत बसवायचे आणि हातपंपाने हवा भरायची. जादा चाक बरोबर नेण्याची पद्धतच नव्हती. नेले असते तरी बसवायचे कसे?

यावर तोड काढली ती वेल्समधल्या लानेली या गावाने. (तिथले लोक या नावाचा उच्चार असा करतात, की आपली जीभ हार मानील.) हे पत्र्याच्या कारखान्यांचे गाव. तिथल्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांचे दुकान होते. १९०४ साली त्यांनी एक साधी वस्तू बनवली: आरे नाहीत, तुंबा नाही, नुसते लोखंडी कडे आणि त्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झाले की मूळ चाकाला हातही लावायचा नाही. हे कडे त्याच्या बाजूला टेकवायचे, चिमट्यांनी आणि पेचांनी आवळायचे, आणि गाडी हाकायची. बसलेल्या टायरचा भार शेजारच्या कड्यावर येई. पांगळ्याला कुबडी द्यावी तसा प्रकार! आपल्या रस्त्याचेच नाव त्यांनी त्या चाकाला दिले, आणि काही वर्षांत ‘स्टेपनी’ देशोदेशी गेली. इंग्रजी अमलाबरोबर ती हिंदुस्थानात आली. ब्राझीलमध्ये आजही जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात, ते तिचेच रूप.

पुढे पेच काढून अख्खे चाक सुटे करता येऊ लागले आणि डेव्हिस बंधूंच्या कड्याची गरज संपली. वस्तू गेली, कंपनी गेली. खुद्द इंग्लंडातल्या रोजच्या बोलण्यातून शब्दही गेला. आपल्याकडे तो टिकला आणि नव्या पाचव्या चाकाला चिकटला.

आता इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. कुबडीचे चाक घर गाठण्यापुरते होते. ते इतर चाकांसारखे असावे अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पाचवे चाक मात्र चारांपैकी कुणाच्याही जागी बसणार. म्हणजे ते चारांसारखेच हवे! चाक बदलता येणे ही अर्धी गोष्ट झाली. बदललेले चाक जोडीला जुळणे ही उरलेली अर्धी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची. एक बैल उंच आणि एक बुटका असला म्हणजे जू कसे तिरके होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. चाकांचे तेच आहे.

घरी एक प्रयोग करा. तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता असा पेला आडवा करून जमिनीवर घरंगळू द्या. तो सरळ जात नाही, वळतो. एका टोकाचा घेर मोठा, दुसऱ्याचा लहान. दोन्ही एकत्र फिरतात, पण सारखे अंतर कापत नाहीत. एस. टी.च्या किंवा ट्रकच्या मागच्या बाजूला दोन-दोन चाके एकाला एक जखडलेली असतात. त्यांतला एक टायर नवा आणि एक बराच झिजलेला असला तर? समजा, नव्याचा व्यास १ मीटर आहे आणि झिजलेल्याचा २ सेंटिमीटरने कमी. दोघांचे फेरे सारखेच. हिशेब केला तर किलोमीटरमागे सुमारे २० मीटरांचा फरक पडतो. पुण्याहून नगर सुमारे १२० किलोमीटर. तेवढ्या प्रवासात अडीच किलोमीटरांच्या आसपासची घासाघीस दोघांना वाटून घ्यावी लागते. शिवाय मोठ्या टायरवर भार जास्त येतो, तो तापतो आणि एखाद्या दुपारी फुटतो. म्हणून जाणता मेस्त्री जोडीचे टायर लावताना आधी उंची मापतो. सातवी-आठवीच्या मुलांना परिघाचे सूत्र शिकवताना हे उदाहरण जरूर घालावे. पुस्तकातल्या वर्तुळाकृती हौदापेक्षा त्यात मुलांचे मन अधिक रमेल.

दुसऱ्या महायुद्धाने टायरची किंमत सगळ्यांना कळवली. १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलायातले रबराचे मळे जपानच्या हाती गेले, आणि दोस्त राष्ट्रांत टायर सोन्यासारखा झाला. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही त्या वर्षी टायरवर रेशनिंग आले. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याच्या कलेला, म्हणजे आपण ज्याला रिमोल्ड म्हणतो त्याला, तेव्हा मोठे महत्त्व आले. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, पुढे एस. टी.ने टायरवर रबर चढवण्याचे स्वतःचे कारखानेच काढले. अवजड गाड्यांची रीत अशी, की नवा टायर पुढे आणि रबर चढवलेला मागे. पुढचे चाक एकेकटे, सुकाणू त्याच्याच हाती. मागे दोघे-दोघे, एक दगा देईल तर दुसरा क्षणभर तोलून धरील.

जुळवाजुळवीचा खरा पेच आला तो रेडियल टायरमुळे. जुन्या टायरच्या आतले दोऱ्यांचे थर बाजेच्या विणीसारखे एकमेकांना तिरके छेदत जात. मिशलँ कंपनीने १९४६ साली निराळ्या बांधणीचे पेटंट घेतले: दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे, आणि नक्षीच्या खाली घेराभोवती कंबरपट्टा. याने काय झाले? टायरची बाजू लवली तरी जमिनीला टेकणारा भाग सपाट राहतो. वळणावर हा टायर घट्ट धरतो. तिरक्या विणीचा तेवढ्याच वळणाला जास्त सरकतो. आता पुढे रेडियल आणि मागे जुने टायर अशी गाडी मनासमोर आणा. चालकाने चक्र फिरवताच पुढची बाजू हुकमासरशी वळते, मागची मात्र सरकते, आणि गाडी स्वतःभोवती फिरू पाहते. ब्रिटनच्या कायद्याने अशी मांडणी निषिद्ध ठरवली आहे. एकाच आसावर एक असा आणि एक तसा टायर लावणेही.

आपल्याकडे अँबॅसडर ५.९०-१५ च्या आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ५.२०-१४ च्या तिरक्या विणीच्या टायरवर वर्षानुवर्षे धावल्या. आकडे इंचांचे: पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. रेडियल आले आणि टायरच्या अंगावर १६५/८० आर १४ अशी अक्षरे दिसू लागली. रुंदी १६५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या शेकडा ८०, ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि रिम १४ इंच. मिलिमीटर आणि इंच एकाच ओळीत सुखाने नांदतात! स्थित्यंतराच्या काळात कित्येकांनी चारही टायर एकदम घेणे परवडेना म्हणून ‘सध्या दोनच घेऊ’ असे केले. गरिबीचा हिशेब म्हणून ते समजण्याजोगे आहे. पण त्या हिशेबात वळणाचा खर्च धरलेला नसतो.

आता सगळीकडे रेडियलच मिळतात, तरी ‘दोनच घेऊ’ उरलेच आहे. लहान मोटारीला दोन नवे टायर घेतले, तर ते पुढे लावायचे की मागे? बहुतेक जण पुढे म्हणतील. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र मागे लावण्याचा असतो, आणि तो योग्यच आहे. पावसात गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगू लागतो. पुढचे तरंगले तर गाडी सरळ जाऊ पाहते, ते चालकाच्या हाताला जाणवते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचे तरंगले तर गाडीची शेपटी फिरते, आणि आषाढातल्या घाटात सावरायला जागा नसते. बसचा नियम मोटारीला लागू पडत नाही, तो यासाठी. मोटारीच्या मागे दोघे-दोघे नसतात.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात, तेही वाचायला शिकावे: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी वर्षानुवर्षे डिकीत पडून राहते, नक्षी कोरी करकरीत दिसते, आणि रबर मात्र आतून वठलेले असते. नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात. मोटारीच्या टायरची झीज त्यांच्यापर्यंत पोचली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की तो टायर कायद्यानेही बाद.

२०२० साली केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारे यंत्र आणि भोक बुजवण्याचा संच असेल, तर मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. कित्येक नव्या मोटारींत स्टेपनी असते ती इतर चाकांहून बारीक, आणि तिच्यावर लिहिलेले असते: ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये. नुसते घर गाठण्यापुरते चाक, डेव्हिस बंधूंनी १९०४ साली बनवले होते तसेच. ते लावून पहिले दुकान गाठायचे, मूळ चाक परत चढवायचे, आणि टायर बदलायचाच झाला तर एकाच आसावरचे दोन्ही बदलायचे.