घोड्यावरचा धनगर

साल 1972. तुम्ही इंदापूर तालुक्यातल्या एका धनगर वाड्यावर आहात. वय बारा, डावा पाय पोलिओनं गेलेला. पावसानं दगा दिलाय. गावातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडतायत, रेशनची तांबडी मिलो दळून खातायत. वाडा, म्हणजे एकत्र फिरणारी बिऱ्हाडं, मात्र दिवाळीची वाट न बघता घाटाकडं निघालाय. घोड्यावर बिऱ्हाड लादलंय. त्यावर कोंबड्या, दोन कोवळी कोकरं आणि तुम्ही.

"मी चालतो," तुम्ही म्हणता.

"बस गप. कोकरं सांभाळ," आजा म्हणतो.

तुमच्या वयाची पोरं काठी खांद्यावर टाकून कळपामागं चाललीत. त्यांना रस्त्यातला कुणीही धनगर म्हणून ओळखतो. घोड्यावरच्या मोठ्या पोराकडं बघून तोच माणूस विचारतो, "याला काय झालं?"

दिवस मावळतो. एका शेतात मेंढरं बसवायची ठरली आहेत. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देणार. वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावून झाली की चरून आलेल्या मेंढ्या आणि दिवसभर बिऱ्हाडाबरोबर राहिलेली कोकरं एकाच वेळी ओरडायला लागतात. आता सगळे तुमच्याकडं वळतात. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे अंधारात नुसत्या आवाजावरून तुम्ही सांगता, कारण दिवसभर त्यांच्यात तुम्हीच असता. एक मेंढी पान्हा चोरते. तिच्याखाली कोकरू कसं लावायचं हेही तुम्हालाच ठाऊक. मग चातीवर लोकर कातत बसता, आजाच्या ओवीला मागून सूर धरता. हे काम दयेनं दिलेलं नाही. हे कुणीतरी करायलाच लागतं, आणि तुम्ही ते उत्तम करता.

आता 2014चा जुलै. तुम्ही पन्नाशी ओलांडलीय. अनुसूचित जमातीच्या आरक्षणासाठी पंढरपूरहून निघालेली पदयात्रा बारामतीत आलीय, उपोषण सुरू झालंय. मागणी तुमचीही आहे, पण पायी येणं तुम्हाला जमलं नाही. मंडपाच्या कडेला कुबडी टेकवून बसता.

थोडं पुढं. 2016च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केलेत. सवलतींसाठी निदान चाळीस टक्के अपंगत्व लागतं. एका टेबलावर तुमचा पाय मोजतात, दुसऱ्यावर जात तपासतात. वर्षातले सात-आठ महिने तुम्ही गावात नसता, हे दोन्हीकडं कुणी विचारत नाही. तपासणीची मिळालेली तारीख माघातली. तेव्हा तुमचा वाडा घाटाखाली असेल.

कळपामागं फिरणारे लोक इतरत्रही आहेत. नॉर्वेतल्या सामी लोकांपैकी काही रेनडिअर राखतात; सामींना 1989पासून स्वतःची संसद आहे. आपली भाषा आणि रीतभात जाणणारी आरोग्यसेवा त्यांना हक्क म्हणून हवी आहे. मला ते फार मोलाचं वाटतं. अपंग माणसाला आधी बरं करा, मग त्याची संस्कृती बघू, असं होत नसतं.

आषाढात चला. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढरं धावतायत. रिंगण बघायला आलेल्या गर्दीत वाड्यावरची बरीचशी माणसं आहेत, कारण पावसाळ्यात वाडे या कोरड्या मुलखात परतलेले असतात. तपासणीचं शिबिर घ्यायचं तर याच दिवसांत, इथंच घ्यावं. डॉक्टरांशेजारी वाड्याची बोली समजणारं कुणी बसवावं, आणि अर्जात पायाच्या टक्क्यांखाली एक ओळ ठेवावी: वाड्यावर आपण काय काम करता?